डोक्यावरचं सोलर पॅनल आणि विमानतळावरचा प्लग

आजचा भाग चार्जिंगच्या इतिहासावर आहे. हो, फोनच्याच चार्जिंगच्या. हेडफोन लावून ऐकत असाल तर एकदा वर कोपऱ्यात बघून घ्या, किती टक्के उरलेत ते.

विमानतळावर पाच तासांचा लेओव्हर असला की माणूस सगळ्यात आधी काय शोधतो? प्लग. खांबाच्या मागे, खुर्चीच्या खाली, कॉफीवाल्याच्या काउंटरशेजारी. जुन्या टर्मिनल्समध्ये भिंतीत जे प्लग असायचे ना, ते बहुतेक वेळा प्रवाशांसाठी नव्हतेच. फरशी साफ करायच्या मशीनसाठी होते. लॅपटॉपवाले आले, ते त्या प्लगशेजारी जमिनीवर बसायला लागले, आणि मग हळूहळू खुर्च्यांनाच प्लग आले. प्रवाशांची दया आली म्हणून नव्हे हं. फोन हेच तिकीट व्हायला लागलं होतं. जुलै २०१४ मध्ये तर अमेरिकेने सांगून टाकलं, की परदेशातल्या काही विमानतळांवरून आमच्याकडे येताना तपासणीत फोन चालू करून दाखवावा लागेल. बंद पडलेलं यंत्र विमानात नेता येणार नाही. म्हणजे चार्ज नसलेला फोन हा थेट संशयित! आपल्याकडे डिसेंबर २०२२ पासून डिजियात्रा आलं. बोर्डिंग पास फोनमध्ये, ओळखही फोनमध्ये. बॅटरी संपली की तुम्ही पुन्हा कागदाच्या रांगेत.

पण विमानतळाची गोष्ट तशी सोपी आहे. तिथे वीज असतेच, फक्त प्लग गाठायचा असतो. मला आज वेगळा प्रवास सांगायचा आहे. सहा दिवसांचा, पायी, आणि वाटेत प्लग मिळेल याची कसलीच खात्री नसलेला.

६ मार्च २०१८. नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. मुंबईपर्यंत साधारण १८० किलोमीटर. लाल टोप्या, लाल झेंडे, हे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. त्यातले खूप लोक आमच्या सुरगाणा तालुक्यातले होते. पेठ, दिंडोरी, कळवणचेही होते. आता सुरगाणा कुठे आलं हे पुण्या-मुंबईच्या मंडळींना दरवेळी सांगावं लागतं, म्हणून सांगतो. नाशिक जिल्ह्याचं वायव्येचं टोक. पलीकडे डांग आणि धरमपूर, म्हणजे गुजरात. १९४८ पर्यंत हे एक छोटं संस्थान होतं. कोकणा, वारली, महादेव कोळी अशी वस्ती, गावापेक्षा पाडे जास्त, आणि पाऊस असा की एकदा झाड तारेवर पडलं की लाइन कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही.

म्हणजे मुंबईच्या रस्त्याला लागायच्या आधीच या लोकांना चार्जिंगचं गणित पाठ होतं. पाड्यावर लाइन नाही, तर फोन बाजाराच्या गावी जाणाऱ्याकडे द्यायचा, दुकानात लावायचा, संध्याकाळी परत आणायचा. फोन बंद ठेवायचा आणि ठरलेल्या वेळी टेकाडावर जाऊन चालू करायचा, कारण रेंज शोधण्यातच बॅटरी जास्त जाते. हे कुणी इंजिनिअरिंगला शिकवलं नव्हतं. मी चार वर्षं बीटेक केलं, तेव्हा मला कळलं की सिग्नल कमी असला की फोनचा ट्रान्समीटर जास्त पॉवर खेचतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ते आधीच माहीत होतं.

तर मार्च. हजारो माणसं, शेवटी शेवटी तर ३५ ते ५० हजारांचे आकडे पेपरात आले. रस्ता इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे. रात्री उघड्या मैदानात मुक्काम. तांदूळ, डाळ, सरपण सोबत घेतलेलं, मुक्कामाला चुली पेटायच्या. खाण्याची सोय घरून केली, पाण्याची वाटेत केली. आणि फोन?

इथे तो प्रसिद्ध फोटो येतो. नाशिक जिल्ह्यातला एक शेतकरी डोक्यावर सोलर पॅनल घेऊन चालतोय. सोबतच्यांचे मोबाइल त्यावर चार्ज होतायत. तो फोटो तेव्हा खूप फिरला आणि त्याखाली एकच शब्द फिरला: जुगाड. मला तो शब्द इथे पटत नाही. जुगाड म्हणजे ऐनवेळी सुचलेली युक्ती. सहा दिवस उन्हातून चालायचंय, मुक्कामाला वीज असेल-नसेल, हे ओळखून घरून पॅनल घेऊन निघणं याला आमच्या ऑफिसात कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात आणि त्याच्या मीटिंगा होतात.

जरा गणित करून बघू. ते पॅनल किती वॉटचं होतं ते बाजूला ठेवा, आपण सरळ १० वॉटचं धरू. मार्चमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ७० अंशांवर येतो. म्हणजे पॅनल डोक्यावर आडवं ठेवलं तरी कोन फारसा बिघडत नाही. डोकं हे मार्च महिन्यात पॅनलसाठी बऱ्यापैकी चांगलं छप्पर आहे! पाच तास चांगलं ऊन मिळालं तर ५० वॉट-अवर. त्यातलं बरंच वाटेत जातं: झाडाची सावली, तापलेलं पॅनल (तापलं की ते कमी वीज देतं), आणि पॅनलचं व्होल्टेज फोनला चालेल अशा ५ व्होल्टवर आणताना होणारी घट. निम्मं हाती लागलं तरी २५.

आता हे २५ कुणाला पुरतात बघा. नोकिया ११००, २००३ चा, टॉर्चवाला, आपल्या घरात कुणाकडे तरी होताच. त्याची बॅटरी ८५० मिलिअँपिअर-अवर, म्हणजे साधारण ३ वॉट-अवर. असे आठ फोन पूर्ण भरतील. आणि २०१८ चा ४००० मिलिअँपिअर-अवरचा स्मार्टफोन घेतला तर? तो एकटा १५ खातो. म्हणजे दीड फोन. एकाच पॅनलवर आठ माणसांनी घरी बोलायचं, की दीड माणसाने व्हिडिओ बघायचा! साधा बटनांचा फोन मागासलेला म्हणून आपण हसतो, पण रस्त्यावर तोच श्रीमंत ठरतो.

अजून एक गोष्ट, जी फोटोत दिसत नाही. एका पॅनलवर अनेकांचे फोन लागू शकले, कारण पिना जुळत होत्या. दहा वर्षांपूर्वी हे अवघड गेलं असतं. आठवतं का, नोकियाची जाड पिन, मग नोकियाची बारीक पिन, सॅमसंगची वेगळी, सोनी एरिक्सनची ती चपटी? लग्नघरात चार्जर मागत फिरायचो आपण. २००९ मध्ये युरोपियन कमिशनच्या दबावाखाली मोठ्या मोबाइल कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीवर एकमत केलं. तो निर्णय युरोपातल्या कचऱ्याच्या प्रश्नावर होता, त्यात कसाऱ्याचा घाट कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण फायदा इथेही झाला. आणि खुद्द सोलर सेल? एप्रिल १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने सिलिकॉनचा सेल पहिल्यांदा लोकांना दाखवला तेव्हा त्यावर खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. सूर्यप्रकाशातली जेमतेम ६ टक्के ऊर्जा तो विजेत बदलत होता. तिथून चौसष्ट वर्षांनी तो डोक्यावर बसून ठाण्यात आला.

आता कुणी म्हणेल, मोर्चाला फोन कशाला हवा? घरी म्हातारी माणसं, जनावरं, लेकरं टाकून आले होते लोक. पाय सोलवटले होते, काहींच्या चपला तुटल्या होत्या. पोचलो, ठीक आहे, एवढं सांगायलाही फोन लागतो. हजारोंच्या गर्दीत आपल्या गावची टोळी हरवली तर शोधायलाही लागतो. आणि फोटो! मोर्चाच्या पहिल्या दोन दिवसांत मोठ्या चॅनलांनी फार लक्ष दिलं नव्हतं. रस्त्यावरून निघालेले फोटो आणि व्हिडिओ फोनमधून फोनमध्ये गेले, जिओ येऊन दीड वर्ष झालं होतं, डेटा स्वस्त होता, आणि ठाण्याला पोचेपर्यंत शहराला कळलं होतं की कोण येतंय. फक्त फोनमुळे झालं असं मी म्हणणार नाही, चालणाऱ्यांचे पाय आधी. पण ते पाय दिसले फोनमुळे.

मागण्या होत्या त्याही सांगायला हव्यात, नाहीतर चार्जिंगच्या नादात मूळ गोष्ट राहून जाईल. सगळ्यात मोठी मागणी वनजमिनीची. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, त्याच्या नावावर व्हावी. आमच्याकडे प्रत्यक्षात काय व्हायचं? माणूस कसतो एकरांत आणि कागदावर येतं गुंठ्यांत. किंवा दावा नामंजूर. किंवा काहीच नाही, नुसती फाइल. त्याशिवाय कर्जमाफी होती, आणि नार-पार, दमणगंगेचं पाणी गुजरातकडे वळवायला विरोध होता.

११ मार्चला सगळे शीवच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको म्हणून लोक सकाळची वाट न बघता रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालत गेले. दिवसभर चाललेली माणसं, पुन्हा रात्री. मुंबईकरांनी वाटेत पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. डबेवाल्यांनी जेवण दिलं. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणाले, आणि परतीसाठी खास रेल्वेगाड्या सोडल्या.

सहा महिने गेले. वर्ष गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा नाशिकहून निघाले, लगेच चर्चा झाली आणि परत फिरले. २०२२ च्या शेवटी सुरगाण्याच्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातमध्ये घ्या अशी मागणी केली, तेव्हा टीव्हीवर त्याचं राजकारण झालं. गावकरी मात्र रस्ता, पाणी, वीज, दवाखाना एवढंच मोजून दाखवत होते. पलीकडच्या गावात दिवे दिसतात, हे तिथे राहणाऱ्याला रोज रात्री दिसतं. त्याला नकाशा लागत नाही.

आपल्या विषयाकडे येतो. सध्या विमानात नियम असा आहे की पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवायची नाही, हातातल्या सामानातच ठेवायची, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच विनापरवानगी. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असते, म्हणजे चालते. लिथियम पेटलं तर ते माणसांसमोर पेटावं, खाली सामानात गुपचूप नको, हे त्यामागचं कारण. १०० वॉट-अवर म्हणजे किती? आपल्या १० वॉटच्या पॅनलचा, वरच्याच हिशेबाने, चार दिवसांचा प्रवास. आपण ते बॅगेच्या एका कप्प्यात टाकतो आणि तरी गेटवर प्लग शोधतो.

मार्च २०२३ मध्ये परत एकदा. यावेळी दिंडोरीहून. मोर्चा शहापूरजवळ वाशिंदपर्यंत आला आणि थांबला. मागण्या मान्य झाल्या असं सांगण्यात आलं होतं, पण लोकांचं म्हणणं होतं की आदेश खालपर्यंत पोचल्याचं दिसल्याशिवाय हलणार नाही. मग मुक्काम. पुढे जायचं नाही, मागे जायचं नाही, कागदाची वाट बघायची. लेओव्हरच तो, फक्त बोर्डावर वेळ नाही. एका वयस्कर शेतकऱ्याचा त्या मुक्कामात मृत्यू झाला. राज्यभर ते अवकाळी पावसाचे दिवस होते, आणि ढगाखाली १० वॉटचं पॅनल एक-दोन वॉटही देत नाही. १८ मार्चला मोर्चा मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि लोक घराकडे निघाले.