रंग उडालेलीं रिळें

कृष्णधवल चित्रपट जुना होतो, रंगीत तेवढा ताजा राहतो, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे.

आपल्याकडे रंगाचा हव्यास लौकरच धरला गेला. १९३३ सालीं प्रभातनें ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनींत छापवून घेतल्या, परंतु रंग मनाजोगे उतरले नाहींत. १९५० मध्यें ईस्टमनकलर निघाल्यावर रंग सुलभ झाला, आणि अल्पायुषीही झाला.

कृष्णधवल चित्र चांदीच्या कणांचें असतें. रंगीत चित्र हिरवट निळा, किरमिजी व पिवळा अशा तीन रंगद्रव्यांचें. त्या काळच्या प्रतींतील हिरवट निळा बहुधा आधीं विरतो, आणि रान काय, आकाश काय, सारेंच गुलाबी होऊन बसतें. नुसता अंधार यावर उपाय नव्हे. उष्णता व दमट हवा हेच खरे वैरी.

मुखेडसारख्या गावीं उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. तेथें कोणी सोळा मिलिमीटरचें रीळ पत्र्याच्या डब्यांत घालून माळ्यावर ठेवलें, तर त्यास जपणें म्हणतां येणार नाहीं. तें गार, कोरड्या खोलींत असावें. आंबट वास येऊं लागतांच इतरांपासून दूर करावें. आणि रंग आहेत तोंवरच त्याची डिजिटल प्रत काढावी. पुढें यंत्रानें भरलेला रंग बव्हंशीं अंदाजाचाच असतो.

पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें; परंतु घरोघरचीं रिळें आपण होऊन तेथें चालत जाणार नाहींत. वेळींच न नेलीं, तर नातवंडांस आमचा काळ सगळा गुलाबीच होता, असें वाटावयाचें!