चौदा दिवसांचा साक्षीदार

१९८४ साली 'ह्यूमन जेनेटिक्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. जी६पीडी या तांबड्या पेशींतील विकराचा एक नवा प्रकार एका कोळी कुटुंबात आढळल्याची ती नोंद होती. प्रकाराला नाव मिळाले 'कल्याण'. १९९२ मध्ये जनुकीय तपासणीतून उलगडले, की हा 'कल्याण' आणि केरळच्या नावाने आधीपासून ओळखला जाणारा प्रकार एकच आहेत. दोन्हींत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आहे.

हिवतापाशी या विकराचा संबंध १९५६च्या कागदांत सापडतो. अमेरिकेत कार्सन, आल्विंग व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रायमाक्विन हे हिवतापाचे औषध घेतल्यावर काहींच्या तांबड्या पेशी फुटतात, त्या या विकराच्या कमतरतेमुळे. नंतर मुंबईत बक्षी, बालकृष्णन, संघवी यांनी ही कमतरता शोधली. त्यांचा पहिला निबंध १९६१चा. पारशी समाजावरचा, उंदेविया यांच्यासह लिहिलेला, १९६३चा. म्हणजे ज्यांना हे औषध बाधू शकते अशी माणसे आपल्याकडे आहेत, ही माहिती साठ वर्षांहून जुनी आहे. एवढे निश्चित.

या पुराव्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. एका कोळी कुटुंबावरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील गाबीत, खारवी, दालदी किंवा कोळी समाजातील कमतरतेचे प्रमाण काढता येत नाही. २००४ मध्ये मुंबईच्याच संशोधकांनी देशभरातील आकडे एकत्र मांडले, तेव्हा ही कमतरता काही समाजांत शून्य, तर काहींत २७ टक्क्यांपर्यंत दिसली. आडनाव विचारून धोका ओळखता येणार नाही. रक्त तपासावे लागेल, नाहीतर रुग्णावर लक्ष ठेवावे लागेल.

लक्ष कोणी ठेवायचे, हा प्रश्न पुढच्या कागदांमुळे अधिक टोकदार होतो. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि ताप उलटतो. म्हणून प्रायमाक्विन लागते. भारतात कित्येक वर्षे ते पाचच दिवस दिले जाई. १९९९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील गोगटे व सहकाऱ्यांनी पाच आणि चौदा दिवसांची तुलना केली, त्यात चौदा दिवसच प्रभावी ठरले. राष्ट्रीय धोरणानेही पुढे चौदा दिवस स्वीकारले. पेशी फुटू लागल्या तर त्याची खूण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसते. तोवर ताप उतरलेला असतो आणि रुग्ण घरी असतो.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी खुणा नेमक्या लिहिल्या आहेत: गडद लघवी, पिवळे डोळे, निळसर ओठ, पोटदुखी, मळमळ, उलटी, धाप. यांपैकी काही दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. ही यादी वाचताना जाणवते, की यातली पहिली खूण डॉक्टरला दिसण्याआधी रुग्णाला किंवा त्याच्या आईला दिसणार आहे.

या साक्षीदाराला सरकारी कागदावर जागा उशिरा मिळाली. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१०मध्ये सुरू झाला. एप्रिल २०११पासून त्याचे केंद्र गाझियाबादला आहे. ग्राहकाने स्वतः भरायचा दुष्परिणामांचा अर्ज २०१४चा. तो मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर विनाशुल्क तोंडी तक्रारही नोंदवता येते.

आता अनुमान, आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे. मुंबईत हिवतापाचा जोर पावसाळ्यात असतो. त्याच दिवसांत गणपतीसाठी चाकरमानी रत्नागिरीला येतात. काहींच्या पिशवीत अर्धा राहिलेला चौदा दिवसांचा डोस असणार. गोळी दिली मुंबईच्या डॉक्टरने, लघवी लाल झाली राजापूर किंवा गुहागरच्या वाडीत. घरचे म्हणणार, औषध उष्ण पडले. ताक पाजतील, चार दिवसांनी बरे वाटेल, आणि घटना कोणत्याच वहीत उतरणार नाही. पुढे कोणी आकडे काढले, तर ही रिकामी जागा सुरक्षिततेचा पुरावा म्हणून वाचली जाईल. नोंद नसणे आणि त्रास नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बहुतेकांना ही गोळी सोसते आणि डोस पुरा करणे गरजेचेच आहे. भीती पसरवून ताप उलटण्याखेरीज काही साधणार नाही. पण आशाताईने तिसऱ्या आणि सातव्या दिवशी दारात उभे राहून लघवीचा रंग विचारला आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवले, तर साठ वर्षांच्या या कागदपत्रांत जो जबाब नाही, तो मिळू लागेल.