असूडाला छापखाना मिळेना

१/ लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास ए. पी. वॉट या गृहस्थाने एक नवा धंदा सुरू केला. लेखकाचे हस्तलिखित प्रकाशकांकडे न्यायचे, सौदा जमवायचा आणि त्यावर दलाली घ्यायची. त्यानंतर काही वर्षांनी पुण्याचा एक लेखक आपले बाड स्वतःच काखेत मारून गावोगाव हिंडत होता. त्याच्या वाटेवर जुन्नर तालुकाही होता.

२/ हा लेखक म्हणजे जोतीराव फुले. नकार त्यांना नवा नव्हता. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. मराठी ग्रंथांना बक्षीस देणारी ही कमिटी म्हणजे नव्या लेखकाला छपाईपर्यंत पोहोचवणारी मोठी वाट. तेथील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवले. नाटक मागे पडले. ते छापून आले १९७९ साली.

३/ १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' त्यांनी पदरमोड करून छापले. लेखणीवर त्यांचे पोट नव्हतेच. बांधकामाची कंत्राटे, १८७३ पासून सत्यशोधक समाज, १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासदत्व. या धबडग्यातून जो वेळ उरे, त्यात लेखन.

४/ 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण झाला १८८३ च्या जुलैत. दख्खनच्या दंग्यांना जेमतेम आठ वर्षे झालेली. सारा, सावकार, जंगलखाते, कोर्टकचेरी हा ग्रंथाचा विषय. बेल्ह्याच्या बाजारात बैल विकून देणे भागवणाऱ्या आणि तारखेसाठी जुन्नरची पायपीट करणाऱ्या कुणब्याला यातले काहीच ऐकीव नव्हते.

५/ हक्काचे पत्र होते 'दीनबंधु'. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले हे पत्र १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत चालवत. लोखंडे मूळचे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, फुल्यांचे सहकारी. त्यांनी असूडाची पहिली दोन प्रकरणे छापली आणि हात आखडला. पुढच्या मजकुराची भाषा त्यांना पेलवेना.

६/ फुल्यांनी याला भेकडपणा म्हटले. मात्र लोखंड्यांना भित्रे ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा १८७८ चा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला होता; धाक एका वर्षात जात नाही. शिवाय लोखंड्यांना पत्र जगवायचे होते. याच माणसाने १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली.

७/ मग फुल्यांनी ग्रंथ वाचून दाखवायला सुरुवात केली. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी, अशी गावे त्यांनी स्वतः नोंदवली आहेत. यादीत बेल्हे नाही. पण जुन्नर आणि ओतूर ही त्याच्याच तालुक्यातली. ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला, त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. छापील प्रत हाती पडती, तरी कोणीतरी ती वाचून दाखवावीच लागती. असूडातली वाक्ये लांबच लांब आहेत, कधी कधी दम लागावा इतकी. डोळ्यांनी वाचताना ती अंगावर येतात. मोठ्याने वाचली की कुणब्याचे घर, अंगण, गोठा, भाकरी एकेक करून समोर मांडले जाते आणि वाक्य संपेस्तोवर ऐकणारा त्या घरात जाऊन आलेला असतो.

८/ श्रोत्यांत एक राजाही होता. विशीतल्या सयाजीराव गायकवाडांनी वेळ काढून हा ग्रंथ ऐकला आणि द्रव्यसाहाय्य केले.

९/ ओतूरला ऐकणारे कान तयारच होते. तिथल्या बाळाजी कुसाजी पाटलांनी याच दशकात ब्राह्मण पुरोहिताविना लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी फिर्याद ठोकली आणि ते प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले.

१०/ १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हाताने लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ मध्ये, प्रसिद्ध झाले. असूड मात्र त्यांच्या हयातीत ग्रंथरूपाने पूर्ण छापला गेलाच नाही. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' १९६९ साली आले आणि त्यातून तो घरोघर पोहोचला. ओतूरकरांनी तो ऐकला, त्याला तोवर ऐंशीहून अधिक वर्षे उलटली होती.