घरच्या भट्टीतील कांस्यपुतळा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा धातुकामाच्या इतिहासावर चार पाने लिहून द्यावीत अशी आज्ञा केली. ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे या पानांत वेळोवेळी आलेली आहेत. म्हणून मी आज एका परक्या माणसाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. सुमारे पावणेपाचशे वर्षांपूर्वी इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत राहत्या घरी प्रचंड पुतळा ओतणारा तो एक सोनार होता. ज्या घरांत मूस आणि भाता पाहिलेला आहे, त्या घरांतील वाचकांस तो फारसा परका वाटू नये.

प्रथम कृतीविषयी दोन शब्द. मेणाची मूर्ती करून तिजवर माती लिंपावयाची, मेण तापवून काढून टाकावयाचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, ही विद्या आपल्या देशात अतिप्राचीन आहे. मोहेंजोदडो येथे सापडलेली, वीतभरही उंच नसलेली नर्तिकेची मूर्ती याच कृतीने झालेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तर ही कृती एखाद्या म्हाताऱ्या कारागिराने नातवास सांगावी इतकी बारकाईने दिली आहे. मूर्तीच्या पाठीस, खांद्यास वा मस्तकास धोत्र्याच्या फुलाएवढ्या मेणाच्या नळ्या लावाव्यात. जाळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि थोडे मीठ घालून वाटलेल्या मातीचे तीन लेप द्यावेत. पहिला लेप पातळ असावा व सावलीत वाळवावा. मेण अगोदर तोलून ठेवावे, म्हणजे धातू किती लागेल ते कळते. रुपे मेणाच्या बारापट, सोने सोळापट. याच ग्रंथात मराठीतील जुनी पद्येही आढळतात, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्याचा मोह मला आवरत नाही.

त्या नळ्यांचे मर्म मात्र ध्यानात ठेवावे. एका वाटेने रस आत शिरतो व दुसरीने आतील हवा बाहेर पडते. हवेस वाट मिळाली नाही तर रस तेथवर पोहोचतच नाही, आणि ते अंग मूर्तीस येत नाही.

आता त्या सोनाराकडे वळू. बेन्व्हेनुतो चेल्लिनी याचा जन्म १५०० साली झाला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी त्याने घडविलेले सोन्याचे मीठपात्र आजही व्हिएन्ना येथे आहे. स्वभावाने तो अत्यंत तापट होता, त्याच्या हातून मनुष्यवधही घडलेले होते, आणि त्याचे आत्मचरित्र आत्मस्तुतीने ओतप्रोत भरलेले आहे. (मी ते शब्दकोश जवळ ठेवून मॅट्रिकच्या इंग्रजीवर दोन पावसाळ्यांत वाचून संपविले.) पण भट्टीविषयी तो लिहू लागतो तेव्हा त्याचा प्रत्येक शब्द अनुभवाचा वाटतो, असे माझे मत आहे.

१५४५ मध्ये तो फ्लॉरेन्सला परतला. तेथील ड्यूक कोझिमो मेदिची याने त्यास पर्सियसचा पुतळा करावयास सांगितला. हा ग्रीक पुराणातील वीर. मेदूसा नामक राक्षसीचे मस्तक छेदून ते त्याने हाती उंच धरले आहे, असा तो देखावा. बाग असलेले एक घर ड्यूकने त्यास दिले व तेथेच त्याने भट्टी रचली. प्रथम खाली पडलेल्या मेदूसेचे धड ओतून त्याने भट्टीची परीक्षा केली. परंतु दहा फुटांहून उंच पर्सियस एका ओतीत उतरेल यावर ड्यूकचा विश्वास बसेना. उचललेल्या हातातील ते मस्तक येणारच नाही, असे त्याचे म्हणणे. चेल्लिनीने उत्तर दिले की मस्तक उत्तम येईल, कारण ताप वर चढतो. धोका आहे तो तळाशी असलेल्या उजव्या पावलास.

१५४९ च्या सुमारास ओतणीचा दिवस आला. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला साचा भट्टीसमोरच्या खड्ड्यात उभा करून, वायुमार्गांस मातीच्या नळ्या जोडीत जोडीत भोवती माती ठासली होती. भट्टीत देवदाराची लाकडे घातली. आग इतकी भडकली की कार्यशाळेचे छप्पर पेटले. दुसरीकडून, बागेच्या बाजूने, वारा व पाऊस आत घुसून भट्टी थंड करू लागला. चेल्लिनीस ताप भरला. माणसांस सर्व सांगून तो अंथरुणावर पडला, आणि थोड्याच वेळात एकाने येऊन सांगितले की काम बुडाले, आता इलाज नाही.

तो तसाच उठून आला. पाहतो तो रस थिजून त्याचा गोळा झाला होता. शेजारच्या खाटकाकडे वर्षाहून अधिक काळ वाळलेली ओकची लाकडे होती ती आणविली. आच वाढली तशी कथिलाची मोठी लगड आत टाकली. गोळा हलू लागला. इतक्यात मोठा आवाज होऊन भट्टीचे झाकण फुटले. रस वाहू लागला खरा, पण जडपणे. अति तापाने कथील जळून गेले असावे, हे त्याने ओळखले. मग घरातील कथिली ताटे, वाट्या, तबके, सुमारे दोनशे नग, काही पन्हळीत व काही भट्टीत टाकावयास लावले. रस पाण्यासारखा पातळ झाला आणि साचा भरला.

यात चमत्कार काही नाही. निव्वळ तांबे वितळण्यास सुमारे १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. दहा भागांत एक भाग कथील असले की हजार अंशांच्या आसपास रस होतो. परंतु ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि छप्पर पेटले असता सुचणे वेगळे. साचा दुसऱ्याच्या कारखान्यात पाठविला असता तर त्या रात्री ती ताटे कोणी टाकली असती?

दोन दिवस निवू देऊन त्याने माती काढली. मस्तक निर्दोष आले होते. उजव्या पावलाची टाच पूर्ण पाहून, आपले भाकीत खोटे ठरले म्हणून या गृहस्थास किंचित वाईटच वाटले! पुढे पाहतो तो बोटे व वरचा थोडा भाग आलेला नाही. तेवढे नंतर जोडून घेतले. एप्रिल १५५४ मध्ये पुतळा लोकांसाठी उघडण्यात आला. ‘लोजिया देई लान्झी’ या मंडपात तो अद्याप उभा आहे.

हे वाचताना मला सारखी आमच्या परसातील भट्टी आठवत होती. १९६९ सालचा वैशाख. मी आठ वर्षांचा होतो. आजोबांनी दीड हात उंचीची दीपलक्ष्मी मेणात केली होती. वळवाचे पाऊस लवकर आले. काकांनी आठ दिवस थांबावे असे सुचविले, पण आजोबांनी गिऱ्हाइकास दिवस दिलेला होता. रस ओतताच साच्यातून तो उसळला, काकांचा हात कोपरापर्यंत भाजला. ओलाव्याची वाफ झाली की ती हजारपटीहून अधिक जागा मागते, हे मी पुढे शाळेत शिकविले. लक्ष्मीचा डावा हात मनगटापुढे आलाच नाही.

आजोबांनी त्यानंतर भट्टी पेटविली नाही. मेणाच्या मूर्ती शहरातील एका कारखान्यात जाऊ लागल्या. त्या अखंड येत. बोटे मात्र कानशीने घासून जाड झालेली असत. आजोबा मूर्ती हातात फिरवून पाहत व काही न बोलता परत ठेवून देत.

घरात सर्वांनी दोष ओलाव्यास दिला. काकांनी तर आपल्या व्रणाकडे बोट दाखवून तो जन्मभर दिला. ती दीपलक्ष्मी मोडीत घालू न देता आजोबांनी माळ्यावर ठेवली होती. आता ती माझ्या घरी आहे. तिच्या डाव्या हाताच्या वायुमार्गाची मेणाची नळी आजोबांनी कौतुकाने माझ्या हातून लावून घेतली होती. ती पुरती चिकटली नव्हती, हे मला त्याच दिवशी ठाऊक होते.