दारूबंदीतला घोट

महाराष्ट्रातली क्राफ्ट बिअर म्हटलं की पुण्यातलं, २००९ मध्ये सुरू झालेलं डूलाली आठवतं. जागा कोरिंथियन्स क्लबची. मला हसू येतं, कारण प्रभुभोजनाला काही उपाशी, काही झिंगलेले, म्हणून पौलानं खडसावलं ते करिंथच्याच मंडळीला.

गडचिरोलीत आमच्या तरुण संघाची बैठक चहावर. इथे १९९३ पासून दारूबंदी आहे, लोकांनी चळवळ करून मिळवलेली. वैनगंगेपलीकडे चंद्रपुरात ती २०१५ ला आली, २०२१ ला उठली. आता पूल ओलांडला की बिअर.

बंदी उठावी असं मी म्हणणार नाही. दारूपायी मार खाल्लेल्या बाया आमच्याही मंडळीत आहेत. मला खटकतं ते वेगळंच. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीच्या वाइनला परवानगीची सोय आहे. गोंडांच्या पेनापुढे मोहाच्या दारूची धार सोडतात, ती रीत इथल्या कुठल्याही चर्चपेक्षा जुनी. पण मोहाची दारू गाळणं गुन्हा.

आणि आमच्या पेल्यात तर नुसता द्राक्षाचा रस! १८६९ मध्ये अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं न आंबणारा रस तयार केला, तो प्रभुभोजनासाठीच. सवलत आम्हाला आहे, आणि आम्ही ती वापरतही नाही.