पोलादपूरहून ठाणे किती दूर?

महाड मागे टाकून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पोलादपूर येते. एका अंगाला महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या अंगाला रत्नागिरी जिल्ह्यात उतरणारा कशेडी घाट, मधून वाहणारी सावित्री आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात आहे. इतिहासाच्या पुस्तकांत या मुलखाला स्थान मिळाले ते अशा नावांमुळे. आम्ही येथे ज्या इतिहासाविषयी लिहू इच्छितो, त्याला मात्र ना बखर आहे ना पोवाडा. घरातल्या एखाद्याचे मन आजारी पडले, तर या डोंगरांतल्या कुटुंबाने गेल्या दीडशे वर्षांत त्याला कोठे न्यावे, असा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाला सरकारने दिलेले पहिले उत्तर म्हणजे 'वेड्यांचे इस्पितळ'. मुंबईत कुलाब्याला असे इस्पितळ १८२६ साली सुरू झाले. (हे कुलाबा म्हणजे मुंबईचे. महाड ज्या कुलाबा जिल्ह्यात होते आणि १९८१ साली ज्याचे नाव रायगड झाले, त्याला नाव मिळाले होते अलिबागच्या किल्ल्यावरून. नामसाम्याने अनेकांचा घोटाळा होतो.) १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला, १८८६ साली रत्नागिरीला आणि १९०१ साली ठाण्याला अशी इस्पितळे उभी राहिली. पोलादपूर या दोहोंच्या जवळजवळ मध्यावर पडले. आजच्या रस्त्यानेही दोन्हीकडे दीडशे किलोमीटरहून अधिक अंतर आहे. त्या काळी तर महाड हे नदीबंदर होते. मुंबईहून येणारे अनेक लोक सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत जलमार्गाने येत. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आले तेही दासगावलाच उतरून. आता कल्पना करा, ज्याला चार दिवस झोप नाही, जो स्वतःशीच बोलतो, घाबरून पळू पाहतो, अशा तरुणाला घेऊन त्याच्या बापाने डोंगरातून बंदरापर्यंत चालत यावे आणि तेथून पुढे जावे! आणि गेल्यावर तरी काय? १९१२ च्या कायद्याप्रमाणे वैद्यकीय दाखला हवा, न्यायाधीशाचा हुकूम हवा. आजाऱ्याची वाट दवाखान्यातून जाण्याऐवजी कचेरीतून जात असे.

भाषेनेही ही गोष्ट नेमकी टिपली आहे. 'याला ठाण्याला पाठवा' असे आपण थट्टेने म्हणतो. 'येरवडा' म्हटले की ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही, तुरुंग की मनोरुग्णालय. कारण दोन्ही तेथेच आहेत. १९२० च्या सुमारास सरकारने या संस्थांची नावे बदलून त्यांना 'मानसिक रुग्णालय' म्हणायला प्रारंभ केला. फाटकावरची पाटी बदलली, लोकांच्या तोंडचा शब्द बदलला नाही.

मग घरोघरी काय होत असे? भगत, देवऋषी, अंगारा, उतारा, कोणत्या तरी देवस्थानी अमावास्या-पौर्णिमेची वारी, आणि काहीच चालेना तेव्हा मागच्या खोलीत बांधून ठेवणे. या कुटुंबांना निर्दय म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. ज्यांच्यासमोर औषधच नव्हते, त्यांनी निदान माणूस घरात ठेवला, त्याला दोन वेळा खाऊ घातले. औषध उपलब्ध झाल्यानंतरही साखळी तशीच ठेवणे, हा मात्र वेगळा भाग आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे वा साखळीने बांधणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे.

औषध आले ते १९५० नंतर. त्याआधी निदानाचेच काम व्हायचे होते. सर्व प्रकारच्या विकृतींना पूर्वी 'वेड' हा एकच शब्द पुरत असे. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवून दोन वाटा वेगळ्या केल्या. एकीत विचारांची संगती तुटत जाते, भास होतात. तिला आपण आज स्किझोफ्रेनिया म्हणतो. दुसरीत उन्माद आणि खिन्नता यांच्या लाटा येतात, मधल्या काळात माणूस पूर्ववत असतो. निदान म्हणजे नुसते नाव नव्हे. पुढे काय होईल आणि कोणता उपाय लागू पडेल, हे त्यावरून कळते. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवला, १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन वापरात आले, १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी खिन्नतेवर इमिप्रामिनचा उपयोग जाहीर केला.

या कथेत आपल्या रानाचाही वाटा आहे. सह्याद्रीच्या दमट रानांतही उगवणारी सर्पगंधा आपल्या वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा गुण लिहून प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी तिच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास इंग्लंडच्या वैद्यकीय मासिकात छापला, आणि १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. काही वर्षे जगभरच्या मनोरुग्णालयांत ते दिले गेले. पुढे त्याने काही रुग्णांत खिन्नता येते असे दिसले आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. मुळी उगाळून पाजणाऱ्यांनी हा उत्तरार्धही लक्षात ठेवावा.

येथपर्यंतचा इतिहास मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या आजारांचा आहे. वस्तुतः सर्वांत जास्त आढळणारे मनाचे आजार कधी ठाण्याला गेलेच नाहीत. त्यांची गणती कोणत्याही इस्पितळाच्या वहीत झाली नाही. ते स्वयंपाकघरात राहिले, शेताच्या बांधावर राहिले. मराठीत त्यांना शब्द मात्र होते. 'तिने हाय खाल्ली', 'त्याने धसका घेतला', 'मनाला लावून घेतले', 'काळजीने झिजला'. आज डॉक्टर ज्याला नैराश्य किंवा चिंताविकार म्हणतात, तो यांतल्या अनेक वाक्यांत दडलेला आहे. त्यातून कोकणची घडणही अशी, की घरचे कर्ते पुरुष मुंबईला आणि गावात म्हातारी माणसे, बायका, मुले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपानंतर त्या संसारांचा आधारच खचला. कितीजणांनी तेव्हा हाय खाल्ली, हे कोणी मोजले?

नैराश्य ओळखण्याची रीत साधी आहे, पण ती माहीत असावी लागते. दुःख सर्वांनाच होते. परंतु सलग दोन आठवडे वा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असणे, कशातच गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, अशी अनेक लक्षणे एकत्र आली आणि रोजचे काम अडू लागले, तर तो आजार असतो. चिंताविकारात छाती धडधडते, घाम फुटतो, काहीतरी भयंकर घडणार असे सतत वाटते. आपल्याकडचा माणूस 'मन उदास आहे' अशी तक्रार घेऊन सहसा दवाखान्यात जात नाही. तो सांगतो, डोके जड आहे, अंग मोडून येते, छातीत कसेसेच होते. मग 'अशक्तपणा' म्हणून सलाइन लागते, इंजेक्शन होते आणि दोन दिवसांनी सारे पूर्ववत. मनाच्या आजाराचे निदान रक्त तपासून होत नाही. रक्त तपासतात ते थायरॉइडसारखे दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. खरे निदान होते ते नीट विचारण्याने आणि ऐकून घेण्याने, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमका तोच वेळ नसतो.

उपचाराचीही एक अडचण सांगितली पाहिजे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही सहसा सहा महिने किंवा अधिक काळ त्या घ्याव्या लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि महिन्यात बरे वाटले म्हणून सोडणारे त्याहून पुष्कळ. या गोळ्या म्हणजे झोपेचे व्यसन, ही समजूतही सर्वत्र आहे. सवय लागण्याचा धोका असतो तो मुख्यतः झोपेच्या व तात्पुरत्या शांततेच्या काही गोळ्यांचा, आणि त्या मात्र लोक चिठ्ठीवाचून मागून घेतात!

महाड-पोलादपूरच्या लोकांवर गेल्या वीस वर्षांत जे कोसळले, ते पाहता हा विषय तेथे पुस्तकी राहिलेला नाही. जुलै २००५ च्या अखेरच्या आठवड्यात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्यांसह काही वाहने पुरात गेली. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत पडून ३० जण मृत्यू पावले. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेले आणि तेथे ऐंशीहून अधिक माणसे मेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही त्याच वेळी दरडी आल्या.

सावित्रीने नेलेल्यांपैकी काहींचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. तळियेत काही दिवसांनी शोध थांबवून न सापडलेल्यांना मृत घोषित करावे लागले. आपल्या वाचकांना अंत्यविधीचे मोल सांगायला नको. शवपेटीवर माती टाकताना हुंदका फुटतो आणि तेथूनच दुःख हळूहळू निवू लागते. ज्यांना ती माती टाकायला मिळाली नाही, त्यांचे शोकाचे कामच सुरू होत नाही. दार वाजले की तोच आला असे वाटते. पावसाचा जोर वाढला की जीव घाबरा होतो, दगड घरंगळल्याचा आवाज कानांत राहतो, आपण का वाचलो हा प्रश्न छळतो. आपत्तीनंतर काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे. त्याला औषधाची घाई नको, सोबत हवी. महिना उलटूनही तेच दृश्य पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, स्वप्नांत येत असेल, माणूस त्या जागा टाळत असेल, तर तो आघातोत्तर तणावाचा आजार असू शकतो. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र नाव दिले. त्यापूर्वीही तो होताच; आमच्या भाषेत तो 'धसका' होता. आपत्तीनंतर पंचनामा होतो तो घराचा, गुरांचा, भाताच्या खाचरांचा. धसक्याचा पंचनामा करायला रकाना नसतो.

या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचेही एक पान आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या धर्मसंहितेतून हा उल्लेख गेला, आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट सांगितले की गंभीर मानसिक विकार, वेदना वा भय यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते. तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये. देशाचा कायदा याच जागी पोहोचायला अधिक वेळ लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले. तरीही अनेक धर्मग्रामांत अशा घरातल्या माणसांकडे अजून खालच्या आवाजात बोट दाखवले जाते. नोव्हेना चालू आहे म्हणून गोळ्या बंद केल्याची उदाहरणेही आमच्या कानांवर येतात. बेल्जियममधील खेल या गावी संत डिम्फ्नाच्या मंदिरापाशी मध्ययुगापासून मनोरुग्ण येत. जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. १९३८ साली तेथे तीन हजारांहून अधिक रुग्ण कुटुंबांत राहत होते. वैद्यकीय देखरेख आणि घरची भाकरी, दोन्ही एकत्र. आजही ती प्रथा, लहान प्रमाणात का होईना, चालू आहे.

आपल्याकडे असेच काही जवळचे शोधण्याचा प्रयत्न गोव्यात झाला. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने निवडून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांतील रुग्णांना याचा स्पष्ट लाभ झाला होता. पुढच्या प्रयोगात तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार अशाच समुपदेशकांनी दिला आणि तोही उपयोगी ठरला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशातील दहा प्रौढांमागे एकास कोणता ना कोणता मानसिक आजार आहे, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ या देशात नाहीत, म्हणून गोव्याच्या या प्रयोगाचे महत्त्व आम्हाला फार वाटते.

रायगड जिल्ह्यातच कर्जतजवळ डॉ. भरत वाटवाणी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवते. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे, पोलादपूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अंतर अजून आहेच. ते थोडे कापण्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्री-अपरात्रीही. डोंगराच्या आडोशाला जेथे फोन लागत नाही, तेथल्या माणसाने काय करावे? त्याच्यासाठी गावची आशा सेविका आहे, पोलादपूरचे ग्रामीण रुग्णालय आहे, आणि तेथपर्यंत सोबत येणारा शेजारी असला तर तोही.