अक्कलकोट, सांडपाणी आणि क्युलेक्स डास

अक्कलकोट तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. काळी जमीन, ज्वारी-तुरीची पिके आणि १८७६–७८ सारखे दुष्काळ यांनी घडलेला हा मुलूख डासांच्या इतिहासात सहसा आढळत नाही, कारण डासांचा संबंध बहुधा दलदलीशी आणि भातखाचरांशी जोडला जातो. क्युलेक्स प्रजातीतील क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस ही जात मात्र पावसावर फारशी अवलंबून नसून मोरी, गटार, संडासाची टाकी अशा साचलेल्या घाण पाण्यात वाढते. त्यामुळे दुष्काळी गावातही तिला बारमाही आसरा मिळतो.

हा तपकिरी, ठिपके नसलेल्या पंखांचा डास बसताना शरीर भिंतीला समांतर ठेवतो, तर हिवतापवाहक ॲनोफेलिस मागचा भाग वर उचलून तिरका बसतो. क्युलेक्सची मादी शेकडो अंडी एकमेकांना चिकटवून पाण्यावर तराफ्यासारखी तरंगत ठेवते. तिच्या अळ्या श्वसननलिका पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लटकतात, आणि ॲनोफेलिसच्या अळ्यांना अशी नलिका नसल्याने त्या पृष्ठभागालगत आडव्या राहतात.

हत्तीरोग पसरवणारा डास हाच. डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे हत्तीरोगाच्या कृमीची डासाच्या शरीरात होणारी वाढ पाहिली, परंतु डास मरून पडलेले पाणी प्यायल्याने रोग होतो, असा त्यांचा तर्क होता; कृमीच्या अळ्या डासाच्या सोंडेवाटे बाहेर पडतात, हे १९०० मध्ये स्पष्ट झाले. या कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, प्रामुख्याने रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात आणि क्युलेक्सही मध्यरात्रीच्या सुमारास अधिक चावतो. म्हणूनच रोगाच्या पाहणीसाठी रक्तनमुने रात्री घ्यावे लागतात, आणि तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करण्याचा जुना रिवाज निजलेल्या माणसाला पुरेसे संरक्षण देऊ शकत नसे.

श्री स्वामी समर्थ १८५७ च्या सुमारास अक्कलकोटला आले आणि १८७८ मध्ये समाधिस्थ झाले; पुढे या संस्थानी गावाचे तीर्थक्षेत्र झाले. यात्रेकरूंची वर्दळ म्हणजे पाण्याचा वापर आणि अर्थातच सांडपाणी. तरीही हत्तीरोग जडण्यासाठी दीर्घकाळ वारंवार डासदंश व्हावे लागत असल्याने एका रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या भाविकापेक्षा गटारालगत कायम राहणाऱ्या रहिवाशाला त्याचा धोका अधिक असतो.

१९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन अक्कलकोट सोलापूर जिल्ह्याचा भाग झाले. १९५३ च्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाने डीडीटीच्या फवारणीवर भर दिला, पण क्युलेक्स या औषधाला फारसा बधला नाही. १९५५ मध्ये हत्तीरोगासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सोलापूरसह राज्यातील अनेक जिल्ह्यांची हत्तीरोगप्रवण म्हणून नोंद झाली, आणि २००४ पासून देशभरातील अशा जिल्ह्यांत सर्वांना एकाच वेळी डीईसी या कृमिनाशक औषधाच्या गोळ्या देण्याची सामुदायिक औषधोपचार मोहीम हाती घेण्यात आली. हे औषध रक्तातील पिल्ले झपाट्याने घटवते, परंतु प्रौढ कृमी अनेक वर्षे जगतात. म्हणून मात्रा वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि त्या अवधीत गटारे वाहती ठेवणे, टाकीच्या वायुनळीला जाळी बांधणे व मोरीचे पाणी शोषखड्ड्यात जिरवणे ही कामे मागे पडली, तर रोगाची साखळी पुन्हा जुळण्यास वाव उरतो.